रात्री उशिरापर्यंतची पार्सल-विक्री आणि शेजाऱ्याची झोप : दुकानाच्या वेळेच्या कायद्याचा मोताळ्याच्या संदर्भात विचार

बीजसंज्ञा : दुकाने व आस्थापना कायदा, दुकान बंद करण्याची वेळ, पार्सल-विक्री, ध्वनिप्रदूषण, सार्वजनिक उपद्रव, नगरपंचायत.

प्रस्तावना

दिनांक १ ऑक्टोबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाच्या उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागाने एक शासन निर्णय निर्गमित केला. मद्यविक्री व मद्यपानाची ठिकाणे वगळता राज्यातील दुकाने, उपाहारगृहे व अन्य आस्थापना दिवसाचे चोवीस तास उघड्या ठेवता येतात, असे त्याद्वारे स्पष्ट करण्यात आले. हा निर्णय नवा अधिकार देणारा नव्हता. २०१७ च्या कायद्याने जे आधीच दिले होते, ते स्थानिक यंत्रणा व पोलीस मान्य करीत नाहीत अशा तक्रारी शासनाकडे आल्या होत्या. त्यांवरील तो खुलासा होता. वृत्तपत्रांनी मात्र तो नव्या सवलतीसारखा छापला. परिणामी मुंबई-पुण्याप्रमाणेच तालुक्याच्या गावांतही एक जुना वाद नव्याने उभा राहण्यास वाव मिळाला. खाद्यपदार्थांचे पार्सल देणाऱ्या दुकानाने रात्री अकराऐवजी एक किंवा दोन वाजेपर्यंत धंदा करायचे ठरविले आणि शेजारच्या घरांनी त्यास हरकत घेतली, तर कोणाचे म्हणणे कोणत्या आधारावर ग्राह्य धरायचे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कायदेशीर आणि व्यावहारिक बाजू बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा या तालुक्याच्या ठिकाणाच्या संदर्भात पाहिली आहे. महानगरातील चर्चेत 'नाइट लाइफ' हा शब्द येतो आणि पाठोपाठ मद्यालये, मॉल, पर्यटन हे विषय येतात. मोताळ्याला त्यांतले काहीच लागू नाही. तेथील प्रश्न अंडाभुर्जी, वडापाव, बिर्याणी आणि चहाचा आहे. तो साधा असल्यामुळेच त्यात मूळ तत्त्व अधिक स्वच्छ दिसते.

रात्रीचा गिऱ्हाईक कोण?

मोताळा हे बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरील गाव. मलकापूर हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक असून रात्रीच्या गाड्यांनी उतरलेला बुलढाण्याकडचा प्रवासी मोताळ्यावरून राजूर घाट चढून वर जातो. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण घाटावर आणि रेल्वे घाटाखाली, अशी ही भूगोलाची रचना आहे. ती बदलण्याजोगी नाही. रात्री उशिरा या रस्त्याने जाणाऱ्यांत मालमोटारींचे चालक असतात, रुग्णाला घेऊन निघालेले नातेवाईक असतात, लग्नाहून परतणारी वऱ्हाडी मंडळी असतात. शेतीपंपांना पाळीपाळीने रात्रीचा वीजपुरवठा मिळतो त्या दिवसांत हरभऱ्याला वा गव्हाला पाणी देण्यासाठी बॅटरी घेऊन निघालेला शेतकरीही त्यांत असतो. यांपैकी कोणीही चैनीसाठी जागा नसतो. त्यांना गरम अन्न मिळणे ही सोय आहे आणि ते देणाऱ्याच्या दृष्टीने उपजीविका आहे.

म्हणून रात्रीच्या विक्रीस विरोध म्हणजे शिस्त आणि पाठिंबा म्हणजे बेशिस्त, अशी जी मांडणी अनेकदा केली जाते ती टिकणारी नाही. त्याचबरोबर रहिवाशांची हरकत म्हणजे प्रगतीला आडकाठी, ही मांडणीही तितकीच उथळ आहे. पहाटे उठून दूध काढणाऱ्याची, दहावीच्या विद्यार्थ्याची, हृदयविकाराच्या रुग्णाची झोप हीसुद्धा गरजच आहे. दोन गरजांच्या या संघर्षात कायदा काय करतो, हे पाहिल्यास एक अनपेक्षित गोष्ट लक्षात येते.

बंद करण्याची वेळ कोणासाठी होती?

दुकान ठरावीक वेळी बंद झाले पाहिजे हा नियम शेजाऱ्याची शांतता राखण्यासाठी केलेला होता, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ हा कामगार कायदा होता. दुकानात, उपाहारगृहात काम करणाऱ्या नोकराला दिवसाला किती तास राबवायचे, त्याला विसावा केव्हा द्यायचा, आठवड्याची सुटी कशी द्यायची, हे ठरविण्यासाठी तो आला. मालकाला उघडझापीची वेळ बांधून दिल्याशिवाय नोकराचे तास मोजता येत नाहीत, या व्यावहारिक कारणाने दुकानाची वेळ त्यात आली. उपाहारगृहांसाठी पहाटे ५ पूर्वी उघडू नये आणि मध्यरात्री १२ नंतर ग्राहकसेवा चालू ठेवू नये, असे बंधन होते. नोकराला मात्र पहाटे साडेचारपासून आणि रात्री साडेबारापर्यंत कामावर ठेवता येत असे. कारण चूल पेटविणे आणि भांडी घासणे ही कामे ग्राहकाच्या आधीची व नंतरची असतात. कायदा करणाऱ्याने स्वयंपाकघराचा विचार किती बारकाईने केला होता, हे या अर्ध्या तासावरून दिसते.

वऱ्हाडाचा इतिहास याहून थोडा निराळा आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी १९४७ चा स्वतंत्र दुकाने व आस्थापना कायदा होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४८ चा कायदा येथेही चालू झाला. हा कायदा सर्व गावांना आपोआप लागू होत नसे. अनुसूचीत नमूद केलेल्या वा शासनाने अधिसूचनेने जाहीर केलेल्या स्थानिक क्षेत्रांनाच तो लागू होई. त्यामुळे लहान गावांत दुकानाची वेळ कायद्यापेक्षा बाजाराच्या रिवाजाने आणि गस्तीवरील पोलिसाच्या शिट्टीने ठरत आली. आजही अनेक ठिकाणी 'अकराला बंद' हा नियम लोकांना तोंडपाठ असतो. परंतु तो कोणत्या कायद्याचा, असे विचारले असता उत्तर मिळत नाही.

तात्पर्य असे की, शेजाऱ्याला मिळणारी रात्रीची शांतता ही कामगार कायद्याची सावली होती. झाड दुसऱ्यासाठी लावलेले होते. सावली पडत होती तोवर ती कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

२०१७ चा कायदा : झाड गेले, सावलीही गेली

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला आणि १९४८ चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात आस्थापना आठवड्याचे सातही दिवस चालू ठेवता येते. प्रत्येक कामगाराला सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुटी मिळाली पाहिजे, एवढी अट आहे. 'दिवस' म्हणजे मध्यरात्रीपासून सुरू होणारा चोवीस तासांचा काळ, अशी व्याख्या आहे. म्हणजे नोकराचे तास आणि दुकानाचे तास यांची जी गाठ १९४८ मध्ये बांधली गेली होती ती सोडविण्यात आली. दुकान अखंड चालावे, माणसे पाळीने बदलावीत, हा त्यामागील विचार होय. स्त्री कामगाराला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीने आणि सुरक्षितता, वाहतूक आदींची व्यवस्था करूनच काम देता येते.

विशिष्ट प्रकारच्या आस्थापनांची वा विशिष्ट क्षेत्रांची वेळ ठरविण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे राखला आहे. १९ डिसेंबर २०१७ च्या अधिसूचनेने परमिट रूम, बिअर बार, हुक्का पार्लर, डिस्कोथेक यांसारखी ठिकाणे आणि चित्रपटगृहे यांना वेळेचे बंधन घातले. चित्रपटगृहे २०२० मध्ये त्यातून वगळली गेली. साधे उपाहारगृह वा पार्सल-केंद्र या यादीत नव्हते.

मोताळ्यासारख्या गावाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची तरतूद निराळीच आहे. २०१७ च्या मूळ कायद्यातील बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू करण्यात आल्या. त्याहून लहान आस्थापनेने व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यावी, एवढेच अपेक्षित ठेवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तालुक्याच्या गावात दहा माणसे राबणारे पार्सल-केंद्र विरळाच. मालक, त्याचा भाऊ, एक आचारी आणि एक पोऱ्या, एवढ्यावर धंदा चालतो. अशा ठिकाणी पाळी बदलणे ही कागदावरचीच कल्पना ठरते. रात्री दोनपर्यंत दुकान म्हणजे त्याच चार माणसांची रात्री दोनपर्यंतची हजेरी. १९४८ च्या कायद्याने ज्याला पहिल्यांदा झोप मोजून दिली तो आचारी, आणि ज्याला ती आनुषंगाने मिळाली तो शेजारी, हे दोघेही येथे एकाच वेळी कायद्याच्या बाहेर पडले. वाद होतो तेव्हा मात्र ते परस्परविरोधी बाजूंना उभे दिसतात.

पोऱ्याच्या बाबतीत एक बंधन शिल्लक आहे आणि ते दुकानाच्या आकारावर अवलंबून नाही. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व विनियमन) अधिनियम, १९८६ हा २०१६ मध्ये सुधारला गेला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेची वेळ सांभाळून स्वतःच्या कुटुंबाच्या व्यवसायात मदत करणे एवढाच त्यास मोठा अपवाद आहे. चौदा ते अठरा वयोगटातील मुलाला सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देता येत नाही. रात्रीच्या गाड्यांवर प्लेटा धुणारी मुले पाहिली असता हा कायदा किती जणांना ठाऊक आहे, याबद्दल शंका वाटते.

मुंबई आणि इंदूर : दोन अनुभव

शेजाऱ्याचा विचार शासनाने कधीच केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईत २२ जानेवारी २०२० रोजी मंत्रिमंडळाने दुकाने व उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याच्या धोरणास मान्यता दिली, तेव्हा प्रारंभ मॉल, गिरण्यांची जुनी आवारे अशा बिगरनिवासी, कुंपणबंद परिसरांपुरता ठेवण्यात आला. रहिवाशांचा आक्षेप जागा निवडून टाळावयाचा, ही त्यामागील युक्ती होती. दोनच महिन्यांत कोविडची टाळेबंदी आल्यामुळे या प्रयोगाचे मूल्यमापन होऊ शकले नाही. २०२५ च्या शासन निर्णयात असा क्षेत्रभेद नाही. आणि असता तरी मोताळ्याला त्याचा उपयोग झाला नसता. तेथे कुंपणबंद बिगरनिवासी परिसर आणायचा कोठून? खाली दुकान आणि वर घर हीच आपल्या बाजारपेठांची पूर्वापार रचना आहे.

दुसरा अनुभव इंदूरचा आहे. तेथील सराफा बाजार दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाद्यपदार्थांचा असतो. मोताळ्यातील अनेकांनी तो पाहिलेला असेल. सराफ्यात रात्रीचा व्यवहार अनेक दशकांत आपोआप रुळला. सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र प्रशासनाने शहरातील बीआरटीएस मार्गाच्या दुतर्फा आस्थापना चोवीस तास उघड्या ठेवण्यास आदेशाने परवानगी दिली. रात्री जमणारी टोळकी, नशा, मारामाऱ्या यांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये ही परवानगी मागे घेण्यात आली. येथे धंदा करणाऱ्यांचेही नुकसान झाले. वेळ वाढते म्हणून ज्यांनी भांडवल घातले, त्यांचा हिशेब एका आदेशाने उलटला. अटी आधी न ठरविता दिलेली मोकळीक सरसकट बंदीत संपते, हा या प्रकरणाचा धडा व्यापाऱ्यांनी रहिवाशांपेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचावयास हवा.

पार्सलचा आवाज दुकानात नसतो

बसून खाण्याचे हॉटेल आणि पार्सल-केंद्र यांत शेजाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. हॉटेलातील गलका भिंतींच्या आत राहतो. पार्सलचा व्यवहार पाच मिनिटांत फळीवर संपतो आणि त्यापुढचे सर्व काही रस्त्यावर घडते. दुचाकी चालू ठेवून वाट पाहणे, मित्राला हाक मारणे, बंद दुकानाच्या पायरीवर बसून खाणे, पुडके तेथेच टाकणे, मागोमाग कुत्र्यांची झुंज हे सारे त्यात आले. मुंबईत कुलाब्याला ताजमहाल हॉटेलच्या मागे १९४६ पासून चालत आलेल्या 'बडेमियाँ'च्या कबाबांची ख्यातीच मुळी फूटपाथवर आणि मोटारीच्या बॉनेटवर ठेवून खाण्याची आहे. दुकानदार प्रामाणिकपणे म्हणू शकतो, "माझ्या दुकानात आवाज होत नाही." ते खरे असते आणि तरीही तक्रार खोटी नसते.

आवाजाचे मोजमाप येथे समजून घेणे इष्ट. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत निवासी क्षेत्राची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी क्षेत्राची ५५ आणि शांतता क्षेत्राची ४० डेसिबल आहे. डेसिबलचे माप लॉगरिदमवर आधारलेले असल्याने दहाचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापटीचा फरक होतो. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. एका माणसाचे साधे बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल भरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल घटतात; म्हणून आठ मीटरवर ते ४२ उरते. पाच माणसे एकदम बोलू लागली की त्यात ७ ची भर पडते आणि आकडा ४९ वर जातो. म्हणजे कोणीही आरडाओरड न करता, केवळ पाच गिऱ्हाइके गप्पा मारीत उभी राहिली तरी आठ मीटरवरील निवासी घरापाशी रात्रीची मर्यादा ओलांडली जाते. दोष कोणा एकाचा नसतो.

येथेच एक पेच आहे. नियमांतील मर्यादा ही काही काळाच्या सरासरीची आहे. दीड वाजता सायलेन्सर काढलेली मोटारसायकल एकदाच भुर्रकन गेली, तर सरासरीत ती विरून जाते. झोपलेला माणूस मात्र जागा होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शयनगृहासाठी ३० डेसिबलची सरासरी आणि एकेका आवाजाच्या घटनेसाठी ४५ डेसिबलची कमाल, अशी दोन वेगळी मापे दिली आहेत. खिडकी थोडी उघडी असली तरी बाहेरचा आवाज आत येताना सुमारे १५ डेसिबल घटतो, असे त्यात गृहीत धरले आहे. युरोपातील घरांसाठी हे ठीक. वऱ्हाडात चैत्र-वैशाखात माणसे गच्चीवर किंवा अंगणात बाज टाकून झोपतात; त्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये भिंत नसतेच. नेमक्या त्याच दिवसांत दिवसाच्या उन्हामुळे बाजार रात्रीकडे सरकतो आणि पार्सलचा धंदाही वाढतो. आयात केलेल्या कोणत्याही मापदंडात हे बसत नाही.

क्षेत्राचे वर्गीकरण हाही कळीचा मुद्दा आहे. खाली दुकाने आणि वर घरे असलेली पेठ निवासी धरायची की व्यापारी? मिश्र स्वरूपाच्या क्षेत्राला सक्षम प्राधिकाऱ्याने चारपैकी एका वर्गात घालावे, असे नियम सांगतात. त्या एका शब्दाने रात्रीची मर्यादा ४५ राहते किंवा ५५ होते. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात. तालुक्याच्या ठिकाणी या संस्था आणि बसस्थानकाजवळची खाद्यविक्री यांत फारसे अंतर नसते.

रहिवाशाच्या हाती काय आहे?

रात्री दुकान उघडे असणे हा गुन्हा राहिलेला नाही, हे तक्रारदाराने प्रथम मान्य केले पाहिजे. 'वेळ संपली तरी बंद करीत नाहीत' अशा तक्रारीला आता आधार नाही. वेळेऐवजी परिणामावर बोट ठेवावे लागते. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्त असे जगणे हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. २०१० मध्ये ध्वनिनियमांत झालेल्या सुधारणेनुसार निवासी क्षेत्रात रात्री, आणीबाणीचा प्रसंग वगळता, हॉर्न वाजविण्यास मनाई आहे. पार्सल घेण्यासाठी हॉर्न वाजवून पोऱ्याला बोलावण्याची जी पद्धत आहे ती याच नियमाचा सरळ भंग होय.

दुसरा मार्ग सार्वजनिक उपद्रवाचा. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये तीच तरतूद आहे. एखाद्या धंद्यामुळे समाजाच्या आरोग्यास किंवा शारीरिक स्वास्थ्यास बाधा येत असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी वा खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी तो धंदा थांबविण्याचा, हलविण्याचा किंवा तो कशा रीतीने चालवावा याचे नियमन करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतो. 'नियमन' हा त्यातील मोलाचा शब्द आहे आणि तक्रारअर्जांत तोच सहसा नसतो. अर्जदार 'बंद करा' एवढेच मागतो आणि अधिकाऱ्यापुढे सर्व किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय उरतात. मागणी 'रात्री अकरानंतर विक्री गल्लीकडील खिडकीतून न करता हमरस्त्याच्या बाजूने व्हावी' अशी असेल तर आदेश देणे सोपे जाते आणि तो पाळणेही. नगरपालिका पैसे नाहीत म्हणून कर्तव्य टाळू शकत नाही, हे १९८० च्या रतलाम नगरपालिका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलम १३३ च्या आधारे ठरविले. उघडी गटारे आणि दुर्गंधी यांविरुद्ध साध्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे केलेल्या अर्जातून तो निकाल आला. रात्रीच्या खाद्यविक्रीचा कचरा सकाळी उचलणे हे नगरपंचायतीचे काम आहे, ते दुकानदाराच्या अंगावर ढकलून संपत नाही; आणि तो कचरा पेटीत पडेल अशी सोय ठेवणे हे दुकानदाराचे काम आहे, ते नगरपंचायतीवर ढकलता येत नाही.

अन्नसुरक्षेचा मुद्दा रहिवासी क्वचितच उपस्थित करतात, पण रात्रीच्या विक्रीत तो गौण नाही. शिजविलेले गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राखावे, असा दंडक आहे. सायंकाळी सात वाजता उतरविलेला भात रात्री दीड वाजता कोमट पातेल्यातून पार्सलमध्ये जातो, तेव्हा वेळवाढ ही ग्राहकाच्या आरोग्याचीही बाब होते. वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधण्यास २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांनुसार मनाई आहे.

आसन कोणाला आहे?

या सर्व मार्गांत एक समान उणीव आहे. ते सर्व उपद्रव झाल्यानंतरचे आहेत. वेळ वाढविण्याचा निर्णय होत असताना शेजाऱ्याला विचारण्याची सक्ती त्यांपैकी एकातही नाही.

इंग्लंडमध्ये याच व्यवसायासाठी उलट व्यवस्था आहे. २००३ चा परवाना कायदा तेथे नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला. त्यानुसार रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत लोकांना गरम अन्न वा गरम पेय विकण्यास स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. गुन्हेगारीस आळा, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रवास प्रतिबंध आणि बालकांचे संरक्षण या चार कसोट्यांवर अर्ज तपासला जातो. शेजारी लेखी म्हणणे मांडू शकतो, सुनावणी होते, अटी घातल्या जातात आणि पुढे त्रास झाल्यास परवान्याचा फेरविचार मागता येतो. तेथे वाद कमी होतात असे नाही. परंतु ते होण्याची जागा ठरलेली आहे. महाराष्ट्रात परवाना-पद्धतीचा जाच पुन्हा आणावा, असे त्यावरून सुचवायचे नाही. लहान दुकानदाराला आणखी एका दाखल्यासाठी खेटे घालावयास लावणे हा उपाय रोगापेक्षा महाग पडेल.

आपल्याकडे मात्र अशी एक जागा आहे आणि ती अनपेक्षित ठिकाणी आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ अन्वये प्रत्येक नागरी स्थानिक संस्थेत नगर पथविक्रेता समिती असावी लागते. मुख्याधिकारी तिचा अध्यक्ष असतो. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. वाहतूक पोलीस, वैद्यकीय अधिकारी, व्यापारी संघटना यांच्याबरोबर रहिवासी संघटनांनाही तेथे स्थान आहे. विक्रीची जागा आणि वेळ हे दोन्ही विषय या समितीच्या कक्षेत येतात. यातून एक विसंगती उद्भवते. भुर्जीच्या हातगाडीच्या वेळेबद्दल बोलण्यासाठी शेजाऱ्याला अधिकृत खुर्ची आहे. त्याच गाडीच्या मागील पक्क्या गाळ्यातील बिर्याणी-केंद्राच्या वेळेबद्दल नाही. गरीब विक्रेत्याला समितीपुढे उभे राहावे लागते, गाळेधारकाला नाही. कायद्याने समितीचे अधिकार गाळ्यापर्यंत नेलेले नाहीत. परंतु त्याच टेबलाभोवती गाळेधारकांना स्वेच्छेने बोलाविण्यास कोणताही कायदा आड येत नाही. नगरपंचायतीच्या आकाराच्या गावात सर्व जण एकमेकांना नावाने ओळखतात, ही गोष्ट येथे महानगरापेक्षा अधिक उपयोगाची ठरते.

अशा बैठकीत केवळ 'किती वाजेपर्यंत' हा एकच प्रश्न मांडल्यास ती फिसकटण्याचा संभव अधिक. बसस्थानकाच्या बाजूची आणि घरांच्या गल्लीतील दुकाने यांना एकच वेळ लावण्याचे कारण नाही. लोक उघड्यावर झोपतात ते उन्हाळ्याचे तीन महिने आणि वार्षिक परीक्षांचा काळ यांसाठी निराळी वेळ असू शकते. वाढीव वेळ तीन महिन्यांपुरती देऊन, त्या अवधीत आलेल्या तक्रारी तारीखवार नोंदवून, मग पुढचे ठरविता येते; तक्रार-नोंद नसेल तर दोन्ही बाजू केवळ आठवणींवर भांडतात. दुचाकी बंद करूनच उभे राहावे, हा फलक लावणे आणि तो पाळला जातो का हे पाहणे दुकानदाराला अशक्य नाही, कारण पार्सल त्याच्या हातात असते. इंजिन बंद केल्याशिवाय पार्सल हाती न देणारा दुकानदार गस्तीच्या गाडीपेक्षा अधिक प्रभावी ठरतो.

आणखी एक बाब ठरविताना हमखास सुटते. 'एक वाजता बंद' याचा अर्थ शेवटचे पार्सल एक वाजता, की दिवा एक वाजता मालवणे? फळी मिटल्यानंतर कढई घासणे, पातेली आपटणे, पाणी फेकणे, शटर ओढणे हे सारे उरतेच. १९४८ च्या कायद्याने त्या कामासाठी नोकराला साडेबारापर्यंतचा अर्धा तास मोजून दिला होता. गच्चीवर झोपलेल्या शेजाऱ्यासाठी गिऱ्हाइकांच्या गप्पांपेक्षा हाच अर्धा तास अधिक कर्कश असतो, आणि तो कोणत्याही प्रस्तावित वेळापत्रकात लिहिलेला नसतो.